जोंधळेंचं ‘तोपर्यंत’

पाणी पिण्याआधी जोंधळे पेल्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. एक पूर्ण फेरी, मग पाणी. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात त्यांनी वीसेक वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. कडेला बारीक धार राहिली आहे का, हे पाहायची सवय बोटांत मुरली होती. कारखाना बंद पडला, सवय राहिली. लग्नात, दवाखान्यात, मयताच्या घरी, कुठेही पेला हातात आला की अंगठा निघालाच. प्लास्टिकच्या ग्लासवरूनसुद्धा. मग स्वतःच हसायचे. “याला कसली धार, काका? पण अंगठ्याला कोण सांगणार!”

एकदा माझ्या घरी हा अंगठा पूर्ण फिरला आणि पाणी मात्र तसंच राहिलं. ते का राहिलं, हे मला आणि माझ्या बायकोला ठाऊक आहे. बिल्डिंगला ठाऊक नाही.

गेल्या रविवारी सोसायटीची सभा होती. नवीन भाडेकरूंचा विषय निघाला तेव्हा आमचे चेअरमन मेहताभाई म्हणाले, “पेपर बराबर चेक करा हां. तो जोंधळेसारखा डुप्लिकेट मामला परत नको आपल्याला.” चारजण हसले. मी खुर्चीवरून उठलो. “बोला, वर्तककाका,” मेहताभाई म्हणाले. मी म्हटलं, “पंख्याचा आवाज येतोय, जरा कमी करा,” आणि बसलो.

घरी आलो तर सुलभाने दार उघडतानाच माझ्या तोंडाकडे पाहिलं. “आजही नाही ना?” एवढंच विचारून ती आत गेली. मेहताभाई मराठी चांगलं वाचतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

मिलिंद जोंधळे मूळचे परभणीकडचे. बिल्डिंगमध्ये आले तेव्हा नोकरी चालू होती, मुलगी प्रज्ञा शाळेत होती आणि फ्लॅटचे हप्ते नुकते सुरू झाले होते. मी त्या वेळी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. त्यांची माझी खरी ओळख झाली ती इथला कारखाना बंद होऊन गुजरातला हलला त्यानंतर. मालकांनी मोजके लोक बरोबर नेले, त्यात हे नव्हते.

मी वाढलो त्या गिरगावच्या चाळीत माणसाची नोकरी गेली की घर कुजबुजत बोलायला लागायचं. जोंधळेंनी दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये मला सांगितलं, “काका, कारखाना गेला. काम शोधतोय. तुमच्या ओळखीत काही असलं तर सांगा.” लिफ्टमध्ये आणखी तिघं होते. तळमजला येईपर्यंत कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी एक छोटं कार्ड छापून आणलं आणि बिल्डिंगभर वाटलं. वर नाव. खाली ‘स्टील भांडी, गुणवत्ता तपासणी, नोकरीच्या शोधात’. त्याखाली जाड अक्षरात ‘तोपर्यंत’ आणि पुढे त्यांची कामं: बाइकवरून सोडणं-आणणं, वयस्कांना दवाखान्यात नेणं आणि सोबत बसणं, केटरिंगच्या भांड्यांची देखरेख.

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, “जोंधळे, ‘नोकरीच्या शोधात’ हे कशाला छापलंत? लोक काय म्हणतील?”

“काय म्हणतील?”

“म्हणजे... असं उघड्यावर...”

“काका, दुकान बंद असलं तर पाटी लावतात ना? नाहीतर गिऱ्हाईक उगाच दार वाजवत बसतं.” कार्डाच्या मधल्या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. “आणि हा शब्द वाचा. मी रिकामा नाही. मी तोपर्यंतवाला आहे.”

‘तोपर्यंत’ हा शब्द त्यांच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी यायचा. संगीताताई, म्हणजे त्यांची बायको, चिडवायच्या, “ह्यांना विचारा, जेवलात का? म्हणतील, नोकरी लागेपर्यंत जेवतोय.”

सकाळी बाइक टॅक्सीच्या एका अॅपवर नाव चालू करून ते बाइक काढायचे. मुलाखत असली की डिकीत इस्त्रीचा शर्ट घडी घालून ठेवलेला असे. मुलाखतीच्या इमारतीखाली हेल्मेट काढायचं, शर्ट बदलायचा, वर जायचं. त्यांचा स्वतःसाठी एक नियम होता. नकार मिळाला की सरळ घरी यायचं नाही. आधी एक भाडं मारायचं, मग घर. “नकार एकटाच खिशात घालून दारात उभं राहायचं नाही,” म्हणायचे. “बरोबर काहीतरी पाहिजे. प्रज्ञा दार उघडते ना.”

नकारांच्या गोष्टी ते कंपाउंडमध्ये उभे राहून रंगवून सांगत. “आज समोर एक पोरगी होती. म्हणाली, सर, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? मी म्हटलं, ताई, पाच वर्षांनी तुमच्या खुर्चीत कोण असेल ते आधी बघू.”

“मग?”

“मग काय! ‘कळवतो’ म्हणाली.”

जवळच्या खारी गावातली एक म्हातारी त्यांची बांधलेली सवारी होती. डोळ्यांच्या दवाखान्यात तिला नेऊन आणायचं. बाइकवर ती एका बाजूला पाय सोडून, त्यांच्या खांद्याला घट्ट धरून बसायची. तिची नक्कल ते फार छान करत. “तुला नोकरी लागली त मना कोन न्हेल रं? देवाला सांगतंय मी, न्हाय लागूं दे याला!” सांगताना जोंधळे पोट धरून हसायचे. “आता सांगा काका, माझ्या अर्जाच्या विरोधात थेट वरपर्यंत वशिला लागलाय. मी काय करणार!”

पण एकदा हसू नव्हतं. संध्याकाळी मी दूध आणायला निघालो तर ते तळमजल्याच्या जिन्यात हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट तसाच होता. मोबाइलकडे पाहत होते. एकही भाडं येत नव्हतं.

“काका, कुठे जायचंय का?”

“नाही हो, इथेच. दूध.”

“चला ना. सोडतो.”

डेअरी पलीकडच्या वळणावर. मला कळलं. मी मागे बसलो. डेअरीपर्यंत गेलो, दूध घेतलं, परत निघालो. आमचं गेट दिसायला लागलं, गेटवर मेहताभाई आणि दोघं-तिघं उभे दिसले, आणि मी म्हणालो, “इथेच थांबवा.”

“का? गेट तर पुढे आहे.”

“जरा पाय मोकळे करतो.”

त्यांनी बाइक थांबवली. आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग ठरलेलं भाडं मागून घेतलं, खिशात ठेवलं आणि मला मागे टाकून एकटेच गेटातून आत गेले.

सुलभाचा गुडघा त्या वर्षी बदलला होता. व्यायामासाठी तिला मीरा रोडला जावं लागे. रिक्षातून तिला नेणं, तिथे बसणं, आणणं हे सगळं जोंधळे करत. मी सोबत गेलो की ती पाय उचलायला रडायची. जोंधळेंसमोर मुकाट्याने उचलायची. “काकू, अजून एकदा,” ते म्हणत, “मी रोज अजून एकदाच म्हणतोय, बघा माझ्याकडे.”

असं करत दोन वर्षं होत आली. प्रज्ञा बारावीला पोहोचली. बँकेचा माणूस एकदा येऊन गेला, दुसऱ्यांदा आला. जोंधळेंनी फ्लॅट विकायचं बोलायला सुरुवात केली. गंमत कमी झाली, आणि ‘तोपर्यंत’ हा शब्दही ते हळूहळू कमी वापरायला लागले. संगीताताई आता चिडवत नव्हत्या.

आणि मग वसईच्या एका कंपनीने त्यांना घेतलं. तपासणी विभाग, त्यांचंच काम. ते पेढे घेऊन आले नाहीत. दारात उभे राहून म्हणाले, “काका, झाल्यासारखं आहे. फक्त चौकशी बाकी आहे. ती लोकं घरी येतात, शेजारी विचारतात. ते झालं की कागद हातात. तोवर पेढे नाही.” चेहऱ्यावरचा आनंद त्यांनी दाबून धरला होता.

चौकशीचा माणूस दोनच दिवसांत आला. जोंधळेंचं घर बंद होतं. वॉचमन तिवारीने त्याला सेक्रेटरीकडे, म्हणजे माझ्याकडे पाठवलं. तरुण होता, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल.

“अंकल, मिलिंद जोंधळे इथेच राहतात? माणूस कसा आहे?”

“उत्तम.”

“सध्या काय करतात?”

इथे मला थांबून एक सांगायला हवं. चाळीत स्थळाची चौकशी करायला कोणी आलं की शेजाऱ्याने सावरून बोलायचं, असा आमच्याकडे रिवाज होता. मुलगा रिकामा असला तरी ‘आहे एका कंपनीत’ म्हणायचं. बिऱ्हाडाबिऱ्हाडांत कितीही भांडण असो, चौकशीला आलेल्यासमोर कोणी कोणाचं उणं काढत नसे. माझं स्वतःचं लग्न तशाच एका शेजाऱ्याच्या शब्दावर जमलं. मी त्या माणसाला नोकरीच्या चौकशीचं नाही, स्थळाच्या चौकशीचं उत्तर दिलं.

“कंपनीत आहेत,” मी म्हणालो. “अंधेरीला. चांगली पोस्ट आहे.”

त्याने मोबाइलकडे पाहिलं. “आत्ता? चालू नोकरी?”

“हो तर. रोज सकाळी बॅग घेऊन जातात.”

“बाइक टॅक्सी चालवतात का?”

“छे हो!” मी म्हणालो. “तसले नाहीत ते.”

त्याने काहीतरी टाइप केलं आणि गेला. स्वयंपाकघरातून सुलभा बाहेर आली. “हे काय सांगितलंत?” मी म्हटलं, “तुला नाही कळायचं. माणसाची पत राखली.” त्या संध्याकाळी मी खरोखर खुशीत होतो.

जोंधळेंनी अर्जात सगळं खरं लिहिलं होतं. कारखाना कधी बंद पडला, तेव्हापासून नोकरी नाही, बाइक चालवतो, वयस्कांची सोबत करतो, सगळं. ते दुसरं काही लिहिणं शक्यच नव्हतं, हे त्यांचं कार्ड खिशात ठेवून फिरणाऱ्या मला कळायला हवं होतं.

आठवड्याने ते आले. सुलभाने पाणी दिलं. त्यांनी पेला घेतला.

“काका, कंपनीने नाही म्हटलं. म्हणतात, तुम्ही दुसरीकडे नोकरीला आहात आणि आमच्यापासून लपवलंत. शेजारी चौकशी केली तर अर्जातली माहिती जुळत नाही.” त्यांचा अंगठा पेल्याच्या कडेवरून सावकाश फिरत होता. “मी फोन केला, समजावलं. कंपनीतल्या बाई म्हणाल्या, आम्ही खोटी माहिती देणाऱ्याला घेत नाही. दुसरा माणूस घेतला पण त्यांनी.”

मी म्हणालो, “अरेरे.”

“काका, तुमच्याकडे कोणी आलं होतं का?”

सुलभा दारात उभी होती. तिच्याकडे न बघता मला तिची नजर कळत होती. होय म्हणायला एक क्षण पुरला असता. ‘चुकलो, चला, आत्ता त्या बाईंना फोन लावू’, इतकं म्हणायचं होतं. कदाचित उपयोग झाला नसता. कदाचित झाला असता. पण त्या क्षणी मला दिसलं ते एवढंच, की ज्याची पत राखली म्हणून आठवडाभर मी मिरवत होतो, त्याच्यासमोर आता मान खाली घालावी लागणार.

“नाही,” मी म्हणालो. “माझ्याकडे कोणी नाही आलं.”

अंगठ्याची फेरी पूर्ण झाली. त्यांनी पेला तसाच भरलेला टीपॉयवर ठेवला. “बरं,” म्हणाले आणि उठले. दारात सुलभाला म्हणाले, “काकू, उद्या व्यायामाला नेहमीच्या वेळेला.”

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. तिला घेऊन गेले.

इथवर थांबलो असतो तरी एक वेळ निभावलं असतं. पण त्याच आठवड्यात गेटवर मेहताभाईंनी विचारलं, “सेक्रेटरीसाहेब, जोंधळेचा जॉब पक्का होता ना? काय झालं?” आणि मी म्हणालो, “कागदपत्रांत काहीतरी गडबड निघाली म्हणे.”

एवढंच वाक्य. संध्याकाळपर्यंत गडबडीचं ‘खोटं सर्टिफिकेट’ झालं. कुठलं सर्टिफिकेट, हे कोणी विचारलं नाही. जोंधळेंच्या नावाला जोडून हा शब्द आला की आमच्या बिल्डिंगमध्ये काहीजण भुवया उंचावतात, आणि त्या भुवया कशासाठी उंचावतात हे मला पूर्ण कळत होतं. खासगी कंपनीत जातीच्या सर्टिफिकेटचा संबंधच नव्हता, हेही कळत होतं. मी गप्प राहिलो. बिल्डिंगमधल्या दोन घरांनी आपली मुलं त्यांच्या बाइकवरून शाळेत पाठवणं बंद केलं. केटररनेही दुसरा माणूस पाहिला. कार्डावर लिहिलेली कामं एकेक करून गळत गेली, आणि कारण त्यांना कोणीच तोंडावर सांगत नव्हतं.

काही दिवसांनी तिवारी पाण्याच्या टँकरचं सांगायला आला होता. जाता जाता म्हणाला, “वो जोंधळे साहब पूछ रहे थे, इन्क्वायरीवाला किसके पास गया था. मैंने बोला, सेक्रेटरीसाहब के पास भेजा था.”

“कधी विचारलं?”

“उसी दिन, जब उनको ना बोला कंपनीवालों ने. आपके घर आने से पहले.”

म्हणजे मला विचारलं तेव्हा त्यांना माहीत होतं. पेला हातात धरून, अंगठा फिरवत, ते मला संधी देत होते.

त्यानंतर वर्षभर जोंधळे तसेच वागले. लिफ्टमध्ये नमस्कार करायचे, सुलभाचा गुडघा विचारायचे. फक्त आमच्या घरी पाणी घेत नसत. “नको काकू, आत्ताच प्यायलो.” सुलभा दर वेळी पेला भरून आणायची, दर वेळी परत न्यायची.

मग एका दुपारी बेल वाजली. दारात जोंधळे, मागे एक अनोळखी तरुण, त्याच्याही हातात मोबाइल.

“काका, घोडबंदरला एका किचनवेअरच्या गोदामात काम मिळतंय. हे चौकशीला आलेत.” ते त्या तरुणाकडे वळले. “हे आमचे जुने सेक्रेटरी. यांना विचारा. सगळं माहीत आहे यांना.” मग माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. “काका, जसं आहे तसं सांगा. मी खाली थांबतो. मी समोर नको.”

आणि ते जिना उतरून गेले. लिफ्टसाठीही थांबले नाहीत.

बिल्डिंगमध्ये इतकी घरं होती. प्रत्येकाने खरं सांगितलं असतं. मेहताभाईंचं खरं वेगळं होतं एवढंच. पण जोंधळे माझ्या दारात आले. सुलभा शेजारी येऊन बसली. ती सहसा बाहेरच्यांसमोर बसत नाही.

मी सांगितलं. कारखाना बंद पडल्यापासून नोकरी नाही. बाइक चालवतात. मी स्वतः त्यांच्या मागे बसलो आहे. खारीच्या म्हातारीला दवाखान्यात नेतात. माझ्या बायकोला त्यांनी चालतं केलं. त्यांचं कार्ड पाकिटातून काढून दाखवलं. तो भराभर टाइप करत होता.

“आणि आणखी एक,” मी म्हणालो. “मागच्या वेळी एका कंपनीने यांना नाकारलं. यांची चूक नव्हती. चौकशीला मी खोटं बोललो होतो.”

तरुण थांबला. मोबाइलवर बोट वरखाली फिरवलं. “अंकल, ते टाकायला जागा नाहीये यात,” तो म्हणाला. “आणि तुम्ही उगाच मागचं सांगू नका. यांनाच प्रॉब्लेम होईल.”

गॅलरीतून पाहिलं. जोंधळे बाइकवर आमच्याकडे पाठ करून बसले होते. तरुण खाली आला. काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. दुसरं हेल्मेट त्याच्या हातात दिलं. “चला, स्टेशनला सोडतो,” एवढं ऐकू आलं.

काम मिळालं. महिनाभरात त्यांनी फ्लॅट विकला आणि घोडबंदरच्या बाजूला भाड्याने घर घेतलं. प्रज्ञाचं कॉलेजही तिकडून जवळ पडत होतं. टेम्पो भरून झाल्यावर ते वर आले. सुलभाने पाणी आणलं. अंगठा फिरला. मग त्यांनी पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. सुलभाने पदर डोळ्यांना लावला.

मी म्हणालो, “जोंधळे, त्या वेळी मी...”

“काका, मला माहीत आहे,” ते म्हणाले. “मला सांगून काय होणार? मला सांगायचंच होतं तर तेव्हा सांगायचं.” त्यांनी पेला सुलभाच्या हातात दिला. “खाली मेहताभाई उभे आहेत. त्यांना माहीत नाही.”

ते उतरले. मी गॅलरीत गेलो. टेम्पो गेटबाहेर निघाला होता, पुढे ड्रायव्हरशेजारी संगीताताई आणि प्रज्ञा. गेटपाशी मेहताभाई दोघांशी बोलत उभे होते. जोंधळेंनी बाइक चालू केली, पण निघाले नाहीत. हेल्मेट हातातच होतं. त्यांनी वर आमच्या गॅलरीकडे पाहिलं, मग मेहताभाईंकडे, मग जिन्याच्या दाराकडे. इंजिन चालू होतं. टेम्पोच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला, तरी ते तसेच थांबले.

“जा ना,” सुलभा माझ्यामागून म्हणाली. “जा, ते थांबलेत.”

मी कठडा धरून उभा होतो. खाली जोंधळेंनी आणखी एकदा जिन्याच्या दाराकडे पाहिलं. मग हेल्मेट डोक्यात घातलं, मेहताभाईंना हात जोडले आणि टेम्पोच्या मागे निघून गेले.